जाम नदीच्या काठी वाचलेली पत्रे

पांढुर्ण्याचा पूल ओलांडला की सावरगाव लागते. खालून जाम नदी वाहते. पावसाळा सोडल्यास तिला नदी म्हणण्याऐवजी धोंड्यांची पायवाट म्हणणे अधिक योग्य. या दोन गावांची माती एक, संत्र्याच्या बागा एक, बोली एक आणि सोयरिकीही आपसातल्याच. आमच्या शाळेत दोन्ही काठांची मुले एकाच बाकावर बसतात. तथापि वर्षातून एक दिवस या नदीला दोन शत्रुपक्षांचे काठ फुटतात. तो दिवस पोळ्याचा दुसरा, म्हणजे गोटमारीचा.

वाचकांपैकी अनेकांनी या गोटमारीविषयी वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. नदीपात्राच्या मध्यभागी निशाण बांधलेले पळसाचे झाड उभे करतात. सावरगावकरांनी ते राखायचे, पांढुर्णेकरांनी तोडून चंडीमातेच्या देवळात न्यायचे, आणि दोहींकडून दिवसभर गोट्यांचा वर्षाव व्हायचा. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोघेही दगडांखाली सापडले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथेतील मृत्यू दोन. गेल्या काही दशकांत प्रत्यक्ष झालेले दहांहून अधिक, आणि जखमी दरवर्षी शेकड्यांनी. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही पुरवून पाहिले. चेंडू लवकरच बाजूस पडले. विशेष असे की, नागपूरकडे त्याच दिवशी तान्हा पोळा भरतो आणि लाकडी बैल सजवून लहान मुले घरोघर बोजारा मागत हिंडतात.

यंदा पोळ्यानंतर आमचा नववीचा एक विद्यार्थी कपाळावर पाच टाके घेऊन शाळेत आला. आम्ही प्रार्थनेच्या वेळी त्याला पुढे बोलावले आणि ‘पाहा हा पराक्रमी वीर’ असे काहीसे बोललो. मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत दिसेना. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही उपहास आणि उपदेश यांतील अंतर आम्हांस उमगू नये, याची खंत वाटली आणि एका दुपारी आम्ही सावरगावची वाट धरली.

पिशवीत एक जाड पुस्तक होते. दहावीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवायचे असल्याने ते आठवडाभर आमच्या हाती होते. पंडिता रमाबाईंचा हा इंग्रजी पत्रव्यवहार, प्रा. अ. भि. शहा यांनी संपादिलेला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली प्रकाशित केलेला. मूळ संग्रह केला तो इंग्लंडातील वाँटेज येथील मठवासिनी सिस्टर जेराल्डिन यांनी. संग्रहातील कित्येक पत्रांत रमाबाई त्यांच्याशीच कडाडून भांडलेल्या आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या बाईंचे मन किती मोठे होते ते कळते.

रमाबाई 1883 मध्ये विलायतेस गेल्या, तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. सिस्टरना त्यात जुन्या जातीचा ताठा दिसे. रमाबाईंनी लिहून कळविले की पूर्वजांच्या चालीरीती त्या शक्य तितक्या पाळणारच. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. सर्वांत नाजूक वाद चिमुकल्या मनोरमेविषयीचा. आईला स्वतःला न पटलेले सिद्धांत लेकीच्या गळी कोणी उतरवू नयेत, हा रमाबाईंचा हट्ट. शब्द तिखट होत, मन दुखावे. आणि तरीही पत्रातील संबोधन असे ‘आजीबाई’! भांडणाच्या पत्रात हा शब्द आला की आम्हांला प्रत्येक वेळी थांबावेसे वाटते.

पुढे अमेरिकेत रमाबाईंनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धती अभ्यासिली. फ्रान्सिस विलार्डबाईंशी त्यांचा परिचय झाला. विलार्डबाईंच्या मद्यनिषेध संघाच्या कामात मुलांचे शिक्षण येई, आणि 1887 मध्ये तर त्या संघाने युद्धाऐवजी लवादाने तंटे मिटावेत म्हणून शांततेचे स्वतंत्र खातेच उघडले. तंटा घरचा असो वा राष्ट्रांचा, त्याची झळ प्रथम लेकरांना लागते हे या बायकांनी ओळखले होते.

आमच्या मुलखाशी रमाबाईंचा धागा दुष्काळाचा. आईवडील आणि बहीण यांना उपासमारीत गमावलेल्या या बाई 1897 मध्ये मध्यप्रांतात आल्या. आपला मुलूख तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे त्याच प्रांतात होता. दुष्काळग्रस्त मुली व विधवा, सुमारे तीनशे, त्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेग, तिथे एवढी माणसे ठेवण्यास मनाई. तेव्हा केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच मुक्तिसदन. या कामाला समुद्रापलीकडून मदत येत राहिली ती पत्रांच्याच बळावर.

असो. आम्ही पोहोचलो तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दुसरा दिवस होता. मुलाच्या आईने पाट मांडला.

‘‘या ना गुर्जी. पोरगं शाळेत यायले लाजते.’’

‘‘चूक आमची झाली, बाई. तेच सांगायला आलो.’’

तिला काय बोलावे सुचेना. मग हलकेच म्हणाली, ‘‘माझं माहेर त पल्याडच आहे. त्या दिवशी दोन्हीकून गोटे येतात. मी कोनाच्या बाजूनं बोलू?’’

हळूहळू उलगडा झाला. मुलाचा मामेभाऊ, त्याच्याच बाकावर बसणारा, त्या दिवशी पलीकडच्या काठावर होता. कोणाचा गोटा लागला हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु त्या दिवसापासून मामेभाऊ आत्याच्या घरी फिरकला नव्हता, आणि आमच्या थट्टेने याची पावलेही थबकली होती.

आम्ही मुलाला जवळ बसवून त्या दोन बायांची गोष्ट सांगितली. अंड्यावरून समुद्रापार भांडण झाले, हे ऐकून तो प्रथमच हसला.

‘‘मंग बोलनं बंद नाही झालं?’’

‘‘भांडण झाले. पत्र बंद झाले नाही.’’

त्याने वहीचे पान फाडले, भिंतीकडे तोंड करून काही ओळी खरडल्या. आम्ही त्या वाचल्या नाहीत. पाकिटावर आधी ‘पांढुर्णा’ लिहून त्याने ते खोडले आणि खाली ‘मामाचं घर’ असे लिहिले.

आईने प्रसादाचा स्टीलचा डबा फडक्यात बांधून आमच्या हाती दिला. ‘‘तुमी त्याच बाजूनं जाता, तं देऊन टाका.’’

मुख्याध्यापकाच्या वाट्याला निरोप्याचे काम आले! पुलावरून परत निघालो तेव्हा ऊन कलले होते. खाली पात्रात बायका धुणे धूत होत्या, आणि गोटमारीतले धोंडे पाण्यात पडले होते. मामाचे घर चौकापासून चौथे आहे, दारात कडुनिंब आहे, असे मुलाने मागून ओरडून सांगितले.