अक्षरांआधीचे शिक्षण

आमच्या खांब गावातही आता तीन वर्षांच्या नातवंडाला प्ले-स्कूलमध्ये घालण्याचा आग्रह दिसतो आणि महिन्याभरातच ‘ए-बी-सी येते का?’ ही विचारणाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला ही घाई ठेव ठेवताच व्याज मागण्यासारखी वाटते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडी सुरू केली. वाड्यांतील मुले येईनात, तेव्हा त्यांनी ती मुलांच्याच अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गाणी, गोष्टी आणि परिसरातील वस्तू हीच तेथील साधने.

खेळणे दुसऱ्याला देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, मुंगीला न दुखावता न्याहाळणे, हे अपरिग्रह, संयम व अहिंसेचे पहिले पाठ होत. शाळा निवडताना पालकांनी प्रथम तेच शोधावेत. अक्षरे यथाकाल येतीलच.