पिंग तर चालू आहे!

नेट पूर्ण बंद पडलं तर मला काही वाटत नाही. कुठेतरी केबल तुटली असणार, नाहीतर एखादा डबा जळला असणार. शोधायचं, बदलायचं, चहा प्यायचा. पण "अधूनमधून जातं हो" असं कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो. कारण आपण बघायला जावं तर ते हमखास चालू असतं.

तर झालं असं. माझा एक मावसभाऊ सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंटरनेट देतो. आधी केबल टीव्ही होती, मग त्याच खांबांवरून फायबर. साडेसातशे घरं, दोन वायरमन पोरं आणि माळ्यावर एक जुना संगणक, त्यात लिनक्स टाकून केलेला राउटर. तो ज्याने लावून दिला तो पोरगा केव्हाच पुण्याला नोकरीला गेला. (गावोगावच्या लिनक्स मशीनची हीच कहाणी आहे म्हणा!) दोन-तीन महिने रात्री आठ ते अकरा नेट मरायचं. पण सगळ्यांचं नाही आणि सारखं नाही. दादाने स्विच बदलला, वरून लाइन देणाऱ्या कंपनीशी भांडला आणि शेवटी वायरमनवर घसरला. जोड नीट मारत नाहीस म्हणून एकाचा पगारसुद्धा अडवून ठेवला. तोवर तीसेक घरं कनेक्शन सोडून गेली होती.

मी शनिवारी पोचलो तर दादाचा एकच धोशा, "अरे, पिंग तर चालू आहे!" आणि खरंच होती. ऑफिसातल्या संगणकावर सकाळपासून ८.८.८.८ ला पिंग लावून ठेवलेली, काळ्या खिडकीत उत्तरं शिस्तीत पडतायत. कुणाची तक्रार आली की दादा त्या खिडकीकडे बघणार आणि सांगणार, "आमच्याकडून ओके आहे, तुमचा वायफाय बघा." राउटर रीस्टार्ट केला की एक-दोन दिवस सुरळीत जायचे. म्हणजे तो 'गरम होतो', असं निदानही झालेलं होतं.

सगळ्यात कामाची तक्रार एका निवृत्त शिक्षिकेची निघाली. दादाला चौथीत त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे त्यांचा फोन तो घाबरून उचलायचाच नाही. बाईंनी वहीत तारीख-वार-वेळ घालून लिहून ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "मुलीशी व्हिडिओवर बोलत असले की बोलणं शेवटपर्यंत नीट होतं. पण तेवढ्यात हे टीव्हीवर काही लावायला गेले तर लागत नाही. आणि माझा फोन एकदा ठेवला की परत लागत नाही. चार-पाचदा केलं की मग लागतो."

आता बघा, फायबरचा जोड खराब असता तर चालू असलेलं बोलणंही तुटलं असतं. इथे जुनं सगळं जिवंत, फक्त नव्याला प्रवेश नाही. म्हणजे कुठेतरी काहीतरी भरलंय.

रात्री नऊला तक्रारी सुरू झाल्यावर मी पहिली पिंग तशीच ठेवली आणि शेजारी दुसरी खिडकी उघडून वेगळ्याच पत्त्याला पिंग लावली. पहिली सात-आठ उत्तरं आलीच नाहीत. मग एकदम सुरू झाली, आणि त्यानंतर एकही चुकलं नाही. डावीकडची खिडकी तेवढा वेळ निवांत चालू. दादा दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसला.

कर्नलच्या लॉगमध्ये एकच ओळ शेकडो वेळा होती: 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट'. मशीन बिचारं महिनोन् महिने ओरडून सांगत होतं, ऐकायला माणूस पुण्याला.

भानगड अशी. आयपीव्ही४चे पत्ते संपत आलेत. आपल्या भागाचे पत्ते वाटणाऱ्या एपनिकने एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्याला हात घातला. त्यामुळे छोट्या माणसाकडे मूठभर पत्ते आणि त्यांच्यामागे शेकडो घरं. आत-बाहेर कोण गेलं याची राउटरला वॉचमनसारखी वही ठेवावी लागते. नोंद असेल तरच आलेलं उत्तर योग्य घरी जातं. ह्या मशीनच्या वहीत ओळी होत्या ६५,५३६. संध्याकाळी घरटी शंभर नोंदी धरल्या तरी ७५,००० होतात. वही भरली की नव्याला परत पाठवायचं, पण ज्यांची नोंद आहे त्यांना अडवायचं नाही. दादाची सकाळपासूनची पिंग ही अशी नोंद झालेली जुनी पाहुणी!

आणि ओळ खोडायची कधी? जोडणी रीतसर बंद झाली तर लगेच. पण फोन खिशात घालून माणूस घराबाहेर पडला तर फोन काही सांगून जात नाही. अशा टीसीपी जोडणीची नोंद लिनक्स मुळात ४,३२,००० सेकंद धरून ठेवतो. भागून बघा, बरोब्बर ५ दिवस! म्हणून रीस्टार्टने वही कोरी व्हायची आणि हळूहळू पुन्हा मढ्यांनी भरायची. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये अशा शांत पडलेल्या जोडणीला किमान २ तास ४ मिनिटं सांभाळा असं म्हटलंय. म्हणून मी ७,४४० सेकंद टाकले आणि ओळी २,६२,१४४ केल्या. एका नोंदीला काहीशे बाइट लागतात, मेमरी भरपूर होती. दोन आकडे, बस्स. शिवाय नोंदी किती झाल्या त्याचा आलेख काळ्या खिडकीच्या जागी लावून दिला. पत्त्यांचं दुखणं आहेच, आयपीव्ही६ कधीतरी घ्यावंच लागेल. पण तो वेगळा शनिवार.

वायरमनचा पगार दादाने सोमवारी दिला. माफीबिफी मागितली नाही, पण पोराला नवीन स्प्लाइसिंग मशीन घेऊन देतो म्हणालाय. गेलेल्या घरांपैकी चार परत आली. बाकीची वर्षाचे पैसे भरून बसलीयत.

बाईंचा फोन मागच्या आठवड्यात पुन्हा आला. "गुरुवार, सकाळी ११.२०, सगळंच बंद." पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदताना फायबर तोडली होती. दादा इतका खूश झालेला मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.