सॅटर्नच्या मंदिरातील तिजोरी

रोममधील कॅपिटोलाइन टेकडीच्या पायथ्याशी, प्राचीन फोरमच्या एका टोकाला, ग्रॅनाइटचे आठ उंच खांब उभे आहेत. हे सॅटर्न देवतेचे मंदिर. आमच्या प्रवासी मंडळींनी येथे छायाचित्रे काढली आणि ती पुढे निघाली. माझी सारी नोकरी बँकेत गेलेली. त्यामुळे माझे पाय मात्र येथेच अडले. रोमन प्रजासत्ताकाची तिजोरी याच मंदिरात होती.

तिजोरीचा कारभार क्वेस्टर हे एका वर्षासाठी निवडलेले अधिकारी पाहत आणि खर्चाची मंजुरी सिनेट देई. किल्ली एकाकडे, मंजुरी दुसऱ्याकडे. ज्या पेढीत हे दोन्ही एकाच हाती असते, तिचे काय होते हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको. रोमन लोकांनी हाच विचार राज्यकारभारालाही लावला. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये त्यांनी राजाला हाकलले आणि त्याच्या जागी दोन कॉन्सल आणले. दोघांचे अधिकार समान, मुदत एक वर्षाची. एकाचा हुकूम दुसऱ्याला अडविता येई.

पुढे इ.स.पू. ४९४ च्या सुमारास कर्जाने गांजलेली सामान्य जनता शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसली. कडकडीत बंदच म्हणायचा! तडजोडीतून जनतेचा कैवारी असा ट्रिब्यून हा अधिकारी निर्माण झाला. त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असावे असा दंडक होता. सरकारी निर्णय अन्यायाचा वाटल्यास तो तेथल्या तेथे अडवी. ‘व्हेटो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘मी मनाई करतो’ असा आहे.

१७८७ मध्ये अमेरिकेची घटना घडविणाऱ्यांनी हा इतिहास बारकाईने वाचला होता. त्यांनी वरिष्ठ सभागृहाला सिनेट म्हटले, पुढे त्यांच्या संसदभवनाला या टेकडीवरून कॅपिटॉल हे नाव मिळाले आणि विधेयक परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला. (कॅण्डिडेट हा शब्दही येथलाच. निवडणुकीला उभा राहणारा रोमन शुभ्र वस्त्र परिधान करी. आपले पुढारी नकळत ती प्रथा पाळतात.) आपल्या देशात संसदेने कायद्याने मंजुरी दिल्यावाचून एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. मात्र तो नियम आपल्याकडे लंडनहून आला. त्याचे श्रेय सरसकट रोमला देणे मला पटत नाही.

मला सर्वांत भावला तो इ.स.पू. ५९ चा एक कायदा. प्रांताचा कारभार संपविणाऱ्या सुभेदाराने हिशेबाच्या तीन प्रती कराव्यात, दोन प्रांतातील दोन शहरांत ठेवाव्यात आणि तिसरी रोमच्या या खजिन्यात दाखल करावी. एका ठिकाणच्या वहीत खाडाखोड झालीच, तर दुसरी वही बोलेल. एखाद्या मुरलेल्या लेखापरीक्षकाला शोभावा असा हा कायदा त्या वर्षीचा कॉन्सल ज्युलियस सीझर याने केला होता.

आणि दहाच वर्षांनी, इ.स.पू. ४९ मध्ये, हाच सीझर सैन्यासह रोममध्ये आला. ट्रिब्यूनांच्या हक्कांसाठी आपण शस्त्र धरले, असे तो सांगत होता. युद्धासाठी त्याला पैसा हवा होता. मेटेलस नावाचा ट्रिब्यून खजिन्याच्या दाराशी आडवा उभा राहिला आणि त्याने मनाई केली. सीझरने त्याला ठार मारण्याची धमकी दिली. किल्ल्या सापडेनात, तेव्हा लोहार बोलावले गेले, असे प्लुटार्क लिहितो. मेटेलस बाजूला झाला. नियम सारे जागेवर होते. त्यांच्या मागे उभे राहायला त्या दिवशी एकच माणूस होता. संकटकाळी नेमल्या जाणाऱ्या डिक्टेटरची मुदत पूर्वी सहा महिन्यांपलीकडे जात नसे, इ.स.पू. ४४ मध्ये सीझर आजन्म डिक्टेटर झाला. त्याच वर्षी त्याचा खून झाला, पण प्रजासत्ताक काही परत आले नाही.

फोरमच्या दुसऱ्या टोकाला सीझरचे दहन झाले ती जागा आहे. एका पत्र्याच्या छपराखाली मातीचा ढिगारा, एवढेच. लोक आजही तेथे फुले ठेवतात; आम्ही गेलो तेव्हाही ताजी फुले होती. मेटेलस ज्या दाराशी उभा राहिला, ते दार आज उरलेले नाही.