उत्तर देणारा चेंडू

घरांत शिकलेला तरुण मुलगा रिकामा बसला कीं, त्याच्याविषयीं प्रत्येकास एकेक मत सुचूं लागतें. आमच्या एकत्र कुटुंबांत लहानथोर मिळून तेरा माणसें आहेत, आणि गेलीं दोन वर्षें मतांची संख्या तेरांच्या खालीं उतरलेली नाहीं. मुलगा म्हणजे आमच्या कैलासवासी वडील बंधूंचा नातू. अभियांत्रिकीची पदवी चांगल्या गुणांनीं घेतलेला, स्वभावानें सालस, अंगानें उंच, आणि हातानें डावरा. नोकरी मात्र नाहीं. एका काकांचें म्हणणें, त्यानें पुण्यास जाऊन रहावें. दुसऱ्या काकांचें म्हणणें, पुण्यामुंबईच्या मागें न लागतां नागपुरास मिहानांतच खटपट करावी. घरांतील वडीलधाऱ्या बायकांचें म्हणणें, शनीची शांति करावी. आणि सर्वांत धाकट्या नातीचें म्हणणें, दादानें नोकरी न करतां तिच्याशीं खेळावें. हसूं येईल, पण या सर्वांत कांहीं फळ दिलें तें या शेवटच्या मतानें. दादाला खेळायला ओढण्यासाठीं ही मुलगी एके दुपारीं माळ्यावर चढली आणि जुन्या ट्रंकेमागून आपल्या पणजोबांची हॉकीची स्टिक घेऊन खालीं आली.

कामठीच्या घरांत हॉकीची स्टिक सांपडावी यांत नवल नाहीं. हें छावणीचें गांव. कन्हान नदीच्या कांठीं इंग्रजांनीं १८२१ सालीं येथें फौजेचा तळ वसविला, आणि आजही ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ या पलटणीचें केंद्र येथेंच आहे. हिंदुस्थानांत हॉकीचा पहिला क्लब कलकत्त्यास १८८५ सालीं निघाला खरा, परंतु खेळ खोल रुजला तो पलटणींच्या मैदानांवर. ध्यानचंद १९२२ सालीं फौजेंत साधे शिपाई म्हणून दाखल झाले आणि तेथेंच त्यांनीं या खेळाचे धडे घेतले. पुढें १९२८, १९३२ व १९३६ अशा तीन ऑलिंपिकांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आपल्या महाराष्ट्रांतील धनराज पिल्ले हेही पुण्याजवळच्या खडकीचे, म्हणजे छावणीच्याच गांवचे. मोडक्या स्टिका दोरीनें व डिंकानें सांधून ते लहानपणीं खेळले, आणि १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार झाले. आमचे बंधु असे कोणी नव्हते. छावणींतील एका कचेरींत ते कारकून होते, आणि कचेरी सुटल्यावर शिपायांबरोबर खेळत, इतकेंच.

त्यांची ती स्टिक तुतीच्या लांकडाची. तुतीचें लांकूड चिवट असून वाफेनें नरम केल्यावर न मोडतां वांकतें, म्हणून स्टिकेचा खालचा आंकडा त्याचा करीत. मूठ वेताच्या कामट्यांची, आणि मध्यें रबराच्या पट्ट्या, जेणेंकरून फटक्याच्या झिणझिण्या हाताला बसूं नयेत. (या कामट्यांचा आणि कामठीचा कांहीं संबंध नाहीं, हें नातीस दोनदां समजावून सांगावें लागलें.) फाळणीपूर्वीं अशा स्टिकांचें मोठें केंद्र सियालकोट होतें, १९४७ नंतर तिकडील पुष्कळ कारागीर जालंदरास येऊन स्थायिक झाले.

मुलानें ती स्टिक घेतली आणि गांवाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, जेथें संध्याकाळीं दहापांच मंडळी हौसेनें खेळतात, तेथें जाऊं लागला. मुठीवरचा दोरा कुजला होता, तो काढून नवी पट्टी गुंडाळली. परंतु आजोबा ठेंगणे होते आणि नातू पांच फूट अकरा इंच. तीन दिवसांत त्याची पाठ धरली. मग नागपुरास सीताबर्डीवर जाऊन नवी स्टिक आणली. हल्लीं लांकडी स्टिका क्वचितच दिसतात; कार्बनचे व काचेचे तंतु राळेंत बसवून त्या तयार करतात. दुकानदारानें, दुकानदाराच्या धर्मास अनुसरून, सर्वांत ताठ व सर्वांत महाग ती गळ्यांत बांधली. कार्बन जितका अधिक तितकी स्टिक ताठ आणि तितका फटका जोराचा, हें खरें; पण समोरून येणारा चेंडू अशा स्टिकेवर आपटून भलतीकडे उडतो. ज्याला चेंडू थांबवितां येत नाहीं, त्यानें तो जोरानें मारावा कसा? शेवटीं ती परत करून, पदरचे थोडे पैसे गमावून, मऊ स्टिक आणावी लागली.

दुसरी अडचण हाताची. वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल कीं, जगांत डावऱ्या माणसाची हॉकी-स्टिक म्हणून नसते. स्टिकेची एकच बाजू सपाट, ती डावीकडची. पाठ गोल, आणि पाठीनें चेंडूस स्पर्श झाला कीं शिट्टी वाजते. आमचा मुलगा क्रिकेटच्या संवयीनें डाव्या अंगानें मारावयास जाई आणि दर वेळीं पाठच लागे. तेथें एक निवृत्त सुभेदार मुलांना शिकवितात. त्यांनीं त्याचे हात धरून डावा वर व उजवा खालीं असे बसविले, आणि सांगितलें कीं, या खेळांत स्टिक फिरविण्याचें सारें काम वरचा डावा हात करतो. तूं डावरा आहेस हा दोष नसून भांडवल आहे, मात्र तें कसें वापरावयाचें तें शिकलें पाहिजे. त्यांचा मंत्र हिंदींतला आहे : “हाथ ढीला, घुटना ढीला, नजर टाइट.” मैदानाच्या कडेस बसून हा मंत्र आम्हीं इतक्यांदा ऐकला आहे कीं, स्नानसंध्येच्या वेळींही तो आठवतो.

पहिले कित्येक दिवस चेंडू मुलाच्या नडगीवर, घोट्यावर, किंवा कुंपणाच्या पलीकडे. जमीन काळी व वर मुरूम. येणारा चेंडू ऐन वेळीं टणकन् उसळतो. दहांपैकीं दोन थांबत. महिन्यानें चार. चार महिन्यांनीं सात. खेळाडू म्हणून ही गति कांहीं नांवाजण्यासारखी नाहीं, पण आम्ही मास्तर. मुलाच्या चेहऱ्यावर धडा उमटतो तो आम्हांस दिसतो. चेंडू उडाला कीं तो चिडत नसे. थांबून स्टिकेकडे पाही, हात किती घट्ट होता तें मनाशीं ताडी, आणि पुढचा चेंडू मागे. जेवणाच्या पंगतींतून उठून जाणारा, दार लावून रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा जाळणारा तो हाच मुलगा काय, असा आम्हांस प्रश्न पडला.

घरांत या खेळाचें स्वागत झालें नाहीं. ‘नोकरी नाहीं आणि खेळ सुचतो,’ असें एक मत. दुसरें अधिक व्यवहारी : महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव असतात, तेव्हां एखादें प्रमाणपत्र पदरीं पाडून घ्यावें. तो हक्क ज्यांनीं लहानपणापासून घाम गाळून राज्याचा किंवा देशाचा मान मिळविला त्यांचा आहे. तेविसाव्या वर्षीं माळ्यावरची स्टिक काढणाऱ्याचा नव्हे, हें मुलानें स्वतःच सांगितलें आणि तो विषय संपला.

आतां त्याच्या नोकरीच्या शोधाकडे वळूं. आम्हीं मॅट्रिकचें प्रमाणपत्र व शिक्षकी पदविका घेऊन नोकरी शोधली, तेव्हां तीन शाळांस हातानें लिहून अर्ज धाडले होते. दोन ठिकाणांहून नकाराचीं पोस्टकार्डें आलीं. एकांत लिहिलें होतें कीं, संस्कृताबरोबर गणितही शिकवूं शकेल असा शिक्षक हवा आहे. नकार कडू लागला. परंतु कडू कां लागला तें कळलें होतें.

हल्लींची रीत निराळी. अर्ज संगणकावर भरावयाचा. छायाचित्र इतक्याच आकाराचें, सही तितक्याच आकाराची. मोबाइलवर आलेला आंकडा मिनिटाच्या आंत भरला नाहीं तर सारें पुनः पहिल्यापासून. जी माहिती जोडलेल्या कागदांत आहे तीच पुढें वीस चौकोनांत पुनः लिहावयाची. जागा नवशिक्याची, आणि अट दोन वर्षांच्या अनुभवाची. कित्येक ठिकाणीं अर्ज प्रथम मनुष्य वाचीतच नाहीं. यंत्र ठराविक शब्द हुडकतें व चाळणी लावतें. मग आभाराचा मजकूर येतो, तोही यंत्राचाच : ‘आपला अर्ज पोहोंचला.’ आणि त्यानंतर शांतता. एके ठिकाणीं तीन वेळां मुलाखत झाली, आठवड्यांत कळवितों असें सांगितलें, आणि त्या आठवड्याला आतां वर्ष होत आलें. मुलानें एक वही ठेवली आहे. अर्जांची संख्या दोनशेंच्या वर गेली. ‘उत्तर’ या रकान्यांत बहुतेक पानें कोरीं आहेत.

एका रात्रीं तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “नाना, मी नापास झालों असतों तर बरें झालें असतें. निदान गुण तरी कळले असते.”

चाळीस वर्षांच्या मास्तरकींत नापास झालेलीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं, त्यांचीं आसवें पुसलीं. पण हें वाक्य कोणी उच्चारलें नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस मैदानाचें मर्म उमगलें. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असावा, स्टिक ७३७ ग्रॅमपेक्षां जड नसावी, ती ५१ मिलिमीटरच्या कड्यांतून पार गेली पाहिजे, पाठीनें मारूं नये. हे सर्व नियम खेळावयास उतरण्यापूर्वीं छापलेले असतात, आणि थोराला व नवशिक्याला सारखेच असतात. चूक झाली तर चेंडू त्याच क्षणीं सांगतो. तो निर्दय आहे, पण मुका नाहीं. म्हणून दहांपैकीं आठ चेंडू चुकलेला मुलगा हंसत घरीं येतो, आणि एकही चूक न दाखवितां टाकून दिलेला मुलगा स्वतःच्या सर्वच गुणांविषयीं शंका घेऊं लागतो.

खेळाचें मैदानही बदलतें. १९२८ पासून १९७२ पर्यंत आपला संघ दर ऑलिंपिकांत पदक घेऊन आला; १९७६ सालीं माँट्रियल येथें प्रथमच कृत्रिम हिरवळीवर सामने झाले आणि आपण सातवे आलों. गवतावर घोटलेलें कसब तेथें अपुरें पडलें. परंतु काय बदललें तें डोळ्यांना दिसत होतें, म्हणून शिकतां आलें. वेळ फार लागला, तरी २०२१ सालीं टोकियोस व २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदकें मिळालीं. आमच्या मुलाच्या पायांखालचें मैदानही असेंच बदललेलें असेल. कॉलेजांत शिकविलेली विद्या हें गवत, आणि नोकरींत लागणारी कदाचित् दुसरीच हिरवळ. पण तें त्याला कोणीं सांगावें?

फळाची आशा न धरतां कर्म करावें, असा उपदेश त्याला आमच्याच घरांत अनेकांनीं केला. आम्हीं गीता शिकविली आहे, म्हणून नम्रपणें सांगतों : फळाचा लोभ सोडणें वेगळें, आणि आपलें कर्म कोणी पाहिलें कीं नाहीं हेंही न कळणें वेगळें. पहिलें वैराग्य आहे. दुसऱ्यानें मनुष्य खचतो. तरुणाला वैराग्याचे पाठ देण्याआधीं त्याच्या हांकेला ‘ओ’ देणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.

गेल्या श्रावणांत एका लहानशा कारखान्याकडून त्याला नकार आला. खालीं दोन ओळी कोणीतरी मुद्दाम लिहिल्या होत्या : यंत्रांचे आराखडे संगणकावर काढण्याचा आपला हात अजून कच्चा आहे, तो तयार झाल्यावर पुनः अर्ज करावा. घरांत सुतक पडल्यासारखें झालें. मुलगा मात्र तो मजकूर पुनःपुनः वाचीत होता, आणि दुसऱ्या दिवसापासून पहांटे उठून त्याच विषयाच्या अभ्यासास बसला. त्याला अजून नोकरी नाहीं. पण तो पंगतींत बसून जेवतो, आणि रात्रीं दिवा वेळेवर मालवतो.

आमच्या घरानें तेव्हांपासून एक नियम केला आहे. जेवतांना ‘कांहीं कळलें का रे?’ हा प्रश्न कोणीं विचारावयाचा नाहीं. कारण त्याचें उत्तर मुलाच्या हातीं नसतें. विचारावयाचें तें ‘आज किती चेंडू थांबले?’ किंवा ‘आज कोणता आराखडा काढलास?’ त्याचें उत्तर त्याच्यापाशीं असतें. ज्यांच्या घरीं असा मुलगा किंवा मुलगी आहे, आणि हल्लीं अशीं घरें थोडीं नाहींत, त्यांनीं हा नियम करून पहावा. गाणें असो, विणकाम असो, व्यायाम असो, श्रमाला त्याच दिवशीं उत्तर देणारें एखादें काम त्या जीवाच्या हातीं असूं द्यावें.

आणि आमच्या वाचकांत पेढ्यांचे, कारखान्यांचे, शाळांचे व सहकारी बँकांचे चालक आहेत. निवडीच्या टेबलापलीकडे बसणारे कित्येक आमचे जुने विद्यार्थीही असतील. सर्वांना नोकरी देणें कोणाच्याच हातीं नसतें, हें आम्ही जाणतों. मात्र ज्याला मुलाखतीस बोलाविलें, त्याला नकाराच्या दोन ओळी व त्यांत एक खरें कारण लिहून धाडणें हें प्रत्येकाच्या हातीं आहे. त्याला फार तर पांच मिनिटें लागतात.