धामणीचे धनुष्य

धामण म्हटले की वर्गातील बहुतेकांना साप आठवतो. झाड आठवणारा विद्यार्थी विरळा. या झाडाची संस्कृत नावे मात्र धन्वन आणि धनुर्वृक्ष अशी आहेत. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात धनुष्यांची वर्गवारी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी द्रव्यांवरून केली आहे. महाभारतातील स्वयंवर शिकवताना आम्ही दोघे येथवर पोचलो होतो. पुढे कोश बोलत नव्हता. झाड तोडल्यापासून धनुष्य होईपर्यंत ओल्या लाकडाचे काय होते, हा प्रश्न उरलाच.

गेल्या माघात कोकणातील एका स्नेह्यांनी बांधावरची धामण छाटताना निघालेला सहा फुटी सरळ सोट आमच्याकडे पाठवला. तो पाहताच सुतारकाका म्हणाले, "आधी याची तोंडं बंद करा." सोटाची कापलेली टोके म्हणजे त्याची तोंडे. तेथून ओलावा बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जातो; टोके आकसू लागतात, मधला भाग ओलाच राहतो आणि या ओढाताणीत चिरा पडतात. आम्ही वितळवलेले मेण लावले. मग त्यांनी करवत बाजूला ठेवून पाचरी घेतल्या. "करवत सरळ जाते, लाकूड सरळ नसतं." पाचर तंतूंच्या वाटेने जाते, त्यामुळे तंतू अखंड राहतात. जेथे ते तुटतात, तेथून धनुष्य मोडण्याचा धोका असतो.

दोन्ही अर्धे भाग माळ्यावर, सावलीत, खेळत्या हवेत ठेवले. दरमहा आम्ही ते ताणकाट्यावर तोलतो. आरंभी वजन झपाट्याने उतरले, मग सावकाश. पावसाळ्यात तर थोडे वाढलेही. हवेशी लाकडाचा व्यवहार कधी थांबत नाही, हे त्या काट्याने शिकवले. कोरड्या दिवसांत वजन स्थिरावले, की तासायला घ्यायचे.

धनुष्याला पाठ आणि पोट असते. ओढताना लक्ष्याकडची पाठ ताणली जाते, धनुर्धराकडचे पोट दाबले जाते. इंग्लंडमधील यू वृक्षाच्या धनुष्यांत पाठीला बाहेरचे फिकट, लवचीक लाकूड आणि पोटाला गाभ्याचे तांबूस लाकूड येते. 1545 साली बुडालेले 'मेरी रोझ' हे जहाज 1982 साली वर काढले गेले. त्यावरील शंभराहून अधिक धनुष्ये अशीच आहेत.

त्याच 1545 साली केंब्रिजमधील अध्यापक रॉजर ॲस्कम याने 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील ग्रंथ लिहिला. लॅटिन वा ग्रीकमध्ये लिहिणे आपल्याला अधिक सोपे गेले असते, असे सांगूनही त्याने इंग्रजीच निवडली. विद्वानाची भाषा धनुष्य धरणाऱ्या हातांच्या भाषेपाशी आली. मराठीच्या अध्यापकांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

सुतारकाकांचा मुलगा प्लायवूडचे काम करतो. त्या कामात लाकडाची तोंडे बंद करावी लागत नाहीत, म्हणून 'तोंड' या शब्दाचा हा अर्थ त्या घरात काकांबरोबर संपेल. झाड शिल्लक राहील, कोशातील धनुर्वृक्षही राहील. त्या दोहोंना जोडणारे बोलणे मात्र राहणार नाही. म्हणून स्वयंवराचा पाठ संपला, की आम्ही विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या सुताराकडून दहा शब्द अर्थासह लिहून आणायला सांगतो. आतापर्यंत एक वही भरली आहे.