जिमच्या आईचा हिशेब

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये वावरणारी, बोलणारी बाई एकच आहे, जिम हॉकिन्सची आई. ही कादंबरी १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी सुरू झाली. पावसापाण्याचे दिवस होते. सावत्र मुलगा लॉइड याच्यासोबत स्टीव्हन्सन चित्रं रंगवत बसे. त्यातून एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि नकाशातून गोष्ट. लॉइड तेव्हा तेरा वर्षांचा. गोष्टीत बायका नकोत, असं त्याचं फर्मान होतं आणि स्टीव्हन्सननं ते जवळजवळ पाळलं.

माझी भाची चौदा वर्षांची आहे. समुद्रावरचे चाचे, बर्फात अडकलेली जहाजं, वाळवंटातले काफिले यांत ती जेवढी रमते, तेवढीच जेन आयर, एलिझाबेथ बेनेट आणि ‘चौघीजणी’तली ज्यो यांच्यात रमते. घरच्यांना ही दोन वेगळी वेडं वाटतात. एक अल्लड वयाचं, लवकरच ओसरणारं. दुसरं जरा समजूतदार, टिकणारं. ‘ट्रेझर आयलंड’ संपवून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, सगळे म्हणतात यात बाई नाही. पण जिमची आई परत गेलीच नसती, तर नकाशा मिळाला असता का?”

मी तो भाग काढून पुन्हा वाचला. जिमचे वडील नुकतेच गेलेत. त्यांच्या सराईत मुक्काम ठोकून बसलेला म्हातारा खलाशी पैसे थकवून मेला आहे आणि त्याच्या पेटीसाठी चाच्यांची टोळी रात्री येणार, हे मायलेकांना कळून चुकलं आहे. दोघं मदत मागायला शेजारच्या वस्तीवर जातात. एकही पुरुष सोबत यायला धजत नाही. तेव्हा ती बाई सगळ्यांदेखत सांगते, की माझ्या बिनबापाच्या पोराचे पैसे मी सोडणार नाही. तुम्ही कोणी आला नाहीत तरी आम्ही दोघं जाऊ. काळोखात परत येऊन ती मेलेल्या माणसाच्या पेटीतली थैली सोडते. आत देशोदेशीची नाणी एकमेकांत मिसळलेली. तिला हिशेब जमतो तो इंग्लिश गिनीचा, आणि गिन्या तर त्यात मोजक्याच. ती एकेक गिनी निवडून मोजत बसते. बाहेर थिजलेल्या रस्त्यावर टोळीतल्या आंधळ्या प्यूच्या काठीची टकटक जवळ येते, दार हलतं, कडी वाजते, मग टकटक हळूहळू लांब जाते. जिम म्हणतो, सगळीच थैली घे आणि चल. ती ऐकत नाही. आपल्या येण्यापेक्षा एक पै जास्त नको आणि एक पै कमीही नको. टेकडीवरून शिट्टी ऐकू आल्यावरच ती उठते. आणि राहिलेल्या हिशेबाची भरपाई म्हणून जिम मेणकापडात गुंडाळलेलं एक पुडकं उचलतो. नकाशा त्या पुडक्यात असतो.

म्हणजे जहाज, बेट, लाँग जॉन सिल्व्हर, पुरलेला खजिना, सगळं एका विधवेनं आपलं येणं सोडायला नकार दिला म्हणून घडलं. लॉइडच्या फर्मानातून निसटून ती बाई कादंबरीत शिरली आणि कादंबरीची किल्ली फिरवून बाहेर पडली. चौदा वर्षांच्या मुलीला हे दिसलं, कारण तिची नजर तेच शोधत होती.

ज्यूल व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मध्येही असंच आहे. १८७२ सालची ही गोष्ट फिलियस फॉगला मुंबईत उतरवते, मग आगगाडीत बसवते, आणि पुढचा लोहमार्ग अजून तयार नाही म्हणून हत्तीवर चढवते. बुंदेलखंडात तो आणि त्याचा नोकर पासपार्तू सती जाण्यातून एका तरुणीची सुटका करतात. आऊदा तिचं नाव. ती मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी. पारशी मुलगी म्हाताऱ्या बुंदेल राजाच्या चितेपर्यंत कशी पोहोचली, हे व्हर्ननं घाईघाईत उरकलं आहे. तो भारतात कधी आला नव्हता, आणि ते जाणवतं. तिथून पुढे आऊदा बहुतेक वेळ गप्प प्रवास करते. पण लंडनला परतल्यावर, पैज हरलो आणि कफल्लक झालो असं फॉग समजून बसलेला असताना, लग्नाचं विचारते ती. त्यानं नाही, तिनं. तो हो म्हणतो, पासपार्तूला पाद्र्याकडे पिटाळतो, आणि पाद्र्याकडे गेल्यावर कळतं की आज रविवार नाही, शनिवार आहे. पूर्वेकडे जाता जाता एक दिवस पदरात पडला होता. आऊदानं विचारलं नसतं, तर घरात बसून फॉग पैज हरला असता.

मी भाचीच्या वयाची होते तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात खाकी कागदाची कव्हरं घातलेली पुस्तकं मिळत. व्हर्न मला तिथे भा. रा. भागवतांच्या मराठीतून भेटला. त्याच भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून सुसाट सुटणारा. मी बनेश होऊन ते सगळं वाचलं, आणि मध्ये कुठेही मला अडखळायला झालं नाही. मुली मुलाच्या जागी किती सहज उभ्या राहतात, याची दखल फार कमी घेतली जाते. मुलगा नायक असलेलं पुस्तक मुलींनाही चालतं आणि मुलगी नायिका असलेलं मुलांना चालत नाही, असं आपण सरसकट धरून चालतो. मुलांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. ज्यो मार्चची ओळख न होता मोठा झालेला मुलगा एका फार चांगल्या सोबतीला मुकतो.

ज्यो मला शान्ता शेळक्यांनी दिली. लुइझा मे अल्कॉटचं ‘लिटल विमेन’ त्यांनी ‘चौघीजणी’ म्हणून मराठीत आणलं. ते वाचलं नाही अशी माझ्या पिढीची वाचणारी बाई मला क्वचितच भेटली आहे. पोटमाळ्यावर सफरचंदं खात, पुस्तक वाचत, रडणारी ज्यो. आपलं एक माणूस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहतं, हे तेव्हा आम्हाला त्या पुस्तकानं पटवलं.

त्यातला केसांचा प्रसंग मी आजही सावकाश वाचते. वडील यादवी युद्धात गेलेले, इस्पितळात आजारी. आईला वॉशिंग्टनला जायचंय आणि हातात पैसे नाहीत. ज्यो बाहेर पडते आणि पंचवीस डॉलर घेऊन येते. टोपी काढते, तर केस कापलेले. लांब, दाट केस, तिचं एकच रूप म्हणावं असे. सगळ्यांपुढे ती तोऱ्यात हसते. रात्री अंथरुणात हुंदके देते, आणि थोरल्या बहिणीनं, मेगनं, जवळ घेतल्यावर सांगते की बाबांसाठी नाही, केसांसाठी रडतेय; आणि उद्या पुन्हा हेच करायची वेळ आली तर पुन्हा करीन. अल्कॉटनं हे दोन्ही राहू दिलं, धाडसही आणि रडणंही, म्हणून ते खरं वाटतं.

या पुस्तकानंतर बावीस-तेवीस वर्षांनी पुण्यात हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहायला घेतलं. त्यातली यमू आपली गोष्ट स्वतःच सांगते. तीही हुशार, निरीक्षण करणारी, नवऱ्याच्या प्रोत्साहनानं शिकणारी. तिचेही केस जातात, पण नवरा गेल्यावर, तिच्या मनाविरुद्ध. ही दोन पुस्तकं मी एकाच वर्षाच्या आत वाचली. एकीनं केस विकले आणि एकीचे केस कापले गेले, हा फरक त्या वयात कोणी समजावून सांगावा लागत नाही. तो आपोआप काळजाला भिडतो. साहस म्हणजे काय याची माझी समजूत तेव्हा बदलली. जहाज लागतंच असं नाही. आपल्या देहाचं, आपल्या पैशाचं, आपल्या पुढच्या पावलाचं काय करायचं हे मुलीनं ठरवलं, की गोष्ट वेग घेते. आणि ते तिला ठरवू दिलं नाही, की वाचणाऱ्या मुलीच्या मुठी वळतात.

या थोर नायिका स्वतः वाचणाऱ्या आहेत, हेही मला महत्त्वाचं वाटतं. ‘जेन आयर’ (१८४७) सुरू होते तीच खिडकीच्या बैठकीवर, लाल पडद्याआड. दहा वर्षांची पोरकी जेन बेविकचं ब्रिटिश पक्ष्यांवरचं पुस्तक उघडून बसली आहे, आणि चित्रांतले उत्तरेकडचे ओसाड किनारे, बर्फाचे प्रदेश बघत ती फार दूर पोहोचली आहे. तिचा मामेभाऊ, जॉन रीड, येऊन सांगतो की ही पुस्तकं आमची आहेत, तुला हात लावायचा हक्क नाही, आणि तेच पुस्तक तिला फेकून मारतो. ती दारावर आपटते, डोकं फुटतं, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा उलटून भांडते. पुढे थॉर्नफील्डचा वाडा सोडून पहाटे निघालेली, सामान गाडीत विसरलेली, उघड्या माळावर झोपणारी, डुकरासाठी ठेवलेली लापशी मागून खाणारी जेन ही कुठल्याही बेटावर अडकलेल्या खलाशाइतकीच साहसी आहे. शार्लट ब्राँटीला ते लिहिता आलं याचं एक कारण तिच्या लहानपणात आहे. १८२६ मध्ये वडिलांनी भावासाठी लाकडी शिपाई आणले. दहा वर्षांच्या शार्लटनं त्यातला एक उचलून त्याला वेलिंग्टन केलं. मग या भावंडांनी ते शिपाई आफ्रिकेत धाडले, तिथे राज्यं वसवली, आणि त्यांच्या कथा काडेपेटीएवढ्या वह्यांमध्ये मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिल्या. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्यानं १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. यॉर्कशरच्या त्या पोरीचा लाडका नायक आमच्या इतिहासात शत्रू म्हणून उभा आहे. मला यामुळे शार्लट दूरची वाटत नाही. उलट तिची ती खेळातली लढाई अगदी जवळ येते.

साहसकथा वाचून पोरींची डोकी फिरतात, या जुन्या तक्रारीला जेन ऑस्टिननं ‘नॉर्थँगर ॲबी’त जे उत्तर दिलं, ते मला सगळ्यांत आवडतं. कॅथरिन मोरलँड सतरा वर्षांची. लहानपणी क्रिकेट खेळणारी, घरामागच्या उतारावरून गडगडत जाणारी. आता ॲन रॅडक्लिफच्या भयकथांनी झपाटलेली. पाहुणी म्हणून जुन्या मठवजा वाड्यात आल्यावर ती वादळी रात्री धडधडत्या छातीनं एक काळं कपाट उघडते, आत गुंडाळलेले कागद सापडतात, मेणबत्ती विझते. सकाळी बघते तर धोब्याची बिलं. मग घरमालक जनरल टिल्नीनं बायकोला ठार केलं असावं अशा संशयापर्यंत ती जाते आणि त्याच्या मुलाकडून कानउघाडणी होते. इथेच ही गोष्ट संपली असती तर ती उपदेश झाली असती. पण कॅथरिन श्रीमंत नाही हे कळताच जनरल तिला सोबतीशिवाय, नोकराशिवाय, सकाळी घराबाहेर काढतो. सत्तर मैलांचा प्रवास ती एकटी करते. आणि ऑस्टिन स्पष्ट लिहिते, की जनरलबद्दल वाईटात वाईट कल्पना करून कॅथरिननं त्याच्या स्वभावावर फारसा अन्याय केला नव्हता. खून झाला नव्हता, पण माणूस ओळखायला ती चुकली नव्हती. भयकथांनी तिच्या नाकाला दुष्टपणाचा वास घ्यायला शिकवलं होतं. ‘कादंबऱ्या कमी वाच’ असं मुलींना सांगणाऱ्या प्रत्येकानं ही कादंबरी वाचावी.

अल्कॉटची गोष्ट मात्र अजून पुरी झाली नाही. ‘लिटल विमेन’मध्ये ज्यो पैशासाठी थरारक कथा लिहिते. तिचे स्नेही प्राध्यापक भाएर तसल्या लिखाणाबद्दल नापसंती दाखवतात, आणि ज्यो तो सगळा गठ्ठा चुलीत घालते. मला तो प्रसंग कधीच मनापासून पटला नाही, आणि भाचीलाही नाही. खुद्द अल्कॉटनं असं काही केलं नव्हतं. घर चालवण्यासाठी तिनं ए. एम. बर्नार्ड या नावानं सूड, वेषांतर, कारस्थानं यांनी भरलेल्या कथा लिहून छापल्या होत्या. ‘लिटल विमेन’ हे तर प्रकाशकानं मुलींसाठी पुस्तक मागितलं म्हणून, फारशी ओढ नसताना लिहिलेलं. १८६६ च्या ‘बिहाइंड अ मास्क’मधली जीन म्यूर एका श्रीमंत घरात गव्हर्नेस म्हणून येते, गरीब, लाजरी, एकोणीस वर्षांची. पहिल्याच रात्री खोलीचं दार लावून ती खोटे केस उतरवते, खोटे दात काढते, आणि आरशात तीस वर्षांची, सगळं आधीच योजून आलेली नटी उरते. कादंबरीच्या शेवटी ती हरत नाही, जिंकते.

अल्कॉट १८८८ मध्ये वारली. ए. एम. बर्नार्ड म्हणजे तीच, हे लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडलीन स्टर्न या दोन मैत्रिणींनी जुन्या पत्रव्यवहारातून शोधून काढलं आणि १९४३ मध्ये जगासमोर मांडलं. त्या कथांचा पहिला संग्रह १९७५ मध्ये निघाला. ‘चौघीजणी’ वाचून झालेल्या मुलीच्या हाती आता हे पुस्तक द्या, आणि कुणीतरी ते मराठीत आणा.