चित्राच्या पोटात

थिएटरात अडीच तास चालणारा चित्रपट दूरदर्शनवर सहा मिनिटं आधी संपायचा, आणि तेही एका दृश्यालाही कात्री न लावता. चित्रपटाच्या रिळात सेकंदाला २४ चित्रं असतात आणि आपल्याकडच्या टीव्हीला सेकंदाला २५ लागत. त्यामुळे प्रक्षेपणाच्या वेळी रीळच जरा वेगानं पळवत. माणसं किंचित भरभर चालत, गाण्याची पट्टी किंचित वर चढे. घरात बसून पाहणाऱ्या कुणालाच ते जाणवत नसे. प्रोग्रॅमर झाल्यावर मला हे कळलं, आणि लहानपणी पाहिलेले सगळे चित्रपट पुन्हा एकदा नव्यानं आवडले.

आतलं कळलं की गंमत जाते, असं म्हणणारे खूप भेटतात. माझं आयुष्य नेमकं याच्या उलट गेलं आहे.

शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, हा आमच्या पुण्यातल्या वाड्याचा आठवडा होता. टीव्ही शेजारच्या काकूंकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत, मग मी कौलांवर चढून अँटेना सिंहगडाच्या दिशेनं फिरवायचो. गडावरच्या मनोऱ्यावरून आमच्यापर्यंत चित्र पोचत होतं. खालून आवाज येई, "अजून थोडं डावीकडे! गेलं! हां, आलं, आलं, तिथंच धर!" नायक-नायिकेची भेट अनेकदा त्या कौलांवरच ऐकली. पण एक लोखंडी दांडी बोटभर फिरवली की मैलोन्मैल दूरचं काहीतरी स्वच्छ दिसू लागतं, याचं मला चित्रपटाइतकंच वेड लागलं.

पुढे रविवारी दुपारी इतर भारतीय भाषांतले चित्रपट लागू लागले. दुपारची झोप मोडून ते पाहणारे वाड्यात फार थोडे. तिथे मी सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ पाहिला. बनारसच्या घरातल्या चौकात आकाशातून झिरपणारा तो मऊ उजेड मनात घर करून राहिला. काही वर्षांनी वाचलं, की तो चौक कलकत्त्याच्या स्टुडिओतला सेट होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतलेला उजेड वापरला. तो काळ १९५६ चा. राय यांचा आधीचा चित्रपट ‘पथेर पांचाली’ हाती घेतला तेव्हा मित्र एकवीस वर्षांचे होते, आणि त्यापूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. हे कळल्यावर तो उजेड खोटा वाटायला हवा होता. मला तर त्यात एका माणसाची सगळी बुद्धी आणि माया दिसू लागली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात हाच चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला, तेव्हा डोळे त्या कापडाच्या दिशेनं वर जात राहिले.

त्या उजेडानंच मला कॅमेऱ्याकडे नेलं. मामाच्या पेटी कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो येत. घरातले सण, आजीचं वाकून रांगोळी काढणं, परीक्षेला निघालेली ताई, सगळ्यांत मिळून बारा. कॉलेजात असताना जुन्या बाजारातून एसएलआर घेतला आणि त्याच्या भिंगावरचे आकडे पाहून हरखलो. २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला उजेड बरोबर निम्मा होतो. उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून, म्हणून आकडे दोनच्या वर्गमुळाच्या पटीनं वाढतात. दिवसभर दोनच्या घातांशी खेळणाऱ्या मुलाला त्याची भाषा बोलणारं भिंग भेटलं होतं.

नोकरी लागली हिंजवडीत, बँकांचे व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तिथे प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी मागणी आणि ठरलेली तारीख असते. डिजिटल कॅमेरा आला आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे भिगवणची वाट धरू लागलो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पाण्यात उभे असताना ते जवळजवळ पांढरे दिसतात, उडताना पंख उघडले की आतला लालभडक रंग दिसतो. अग्निपंख हे नाव त्यांना शोभतं. नावाडी इंजिन बंद करतो, बांबूनं होडी पुढे रेटतो, आणि आपण श्वास धरून थांबायचं.

तो लाल रंग कॅमेऱ्यात कसा उतरतो, हे शोधताना ब्राइस बेयर हे नाव भेटलं. कोडॅकमधल्या या संशोधकाच्या १९७६ च्या पेटंटमधली जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. चार बिंदूंपैकी दोन हिरवा मोजतात, एक लाल, एक निळा. माणसाचे डोळे हिरव्याला सर्वांत तीक्ष्ण, म्हणून त्याला निम्मा वाटा. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजारपाजारच्यांना विचारून भरतो. म्हणजे अग्निपंखांचा लाल चारांतल्या एकाच ठिकाणी मोजलेला, बाकी हिशेबानं काढलेला! मग ते चित्र साठवताना ८ गुणिले ८ चे चौकोन पाडतात आणि त्यातले चढउतार लहरींच्या रूपात मांडतात. डोळ्याला जाणवत नाहीत अशा बारीक लहरी ढोबळपणे साठवल्या जातात. चित्र लहरींत मांडायची ही रीत बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडली. १९९२ च्या जेपेग मानकाचा ती पाया झाली. घरोघरच्या लग्नाच्या, बारशाच्या, सहलीच्या फोटोंत हे गणित आहे, आणि त्याच्या कर्त्यांची नावं आपल्या मुलांना माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

सुब्रत मित्र असोत की बेयर की अहमद, माणसाचा डोळा काय पाहतो आणि काय सोडून देतो, याचा या सगळ्यांनी जिव्हाळ्यानं विचार केला. ऑफिसात माझ्याकडून हिशेब मागितला जातो, पण असा जिव्हाळा कुणी मागत नाही. तो मी सुट्टीच्या दिवशी, चित्रपट पाहताना आणि फोटो काढताना कमावला. छंदाला तारीख नसते, म्हणून एखादी गोष्ट तळापर्यंत जाऊन पाहता येते. तळाशी नेहमी कुणीतरी माणूस भेटतो, आपल्यासाठी आधीच विचार करून ठेवलेला.

परवा भाचीला आलेखाच्या कागदावर ८ गुणिले ८ चे चौकोन आखून दिले आणि तिच्याच फोटोतला डोळा त्यात रंगवायला सांगितला. तिनं निम्मे चौकोन भरले, पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "मामा, आठच का? दहा का नाहीत?" आम्ही कागद उलटला आणि दहाचे आखायला घेतले.